सांगलीत राहून परदेशी कंपनीचे काम: पैसे खात्यात येईपर्यंत आणि आल्यानंतर

विश्रामबागेतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये किंवा साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या घरात बसून अमेरिकेतल्या, जर्मनीतल्या किंवा सिंगापूरमधल्या कंपनीचे काम करणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. असे काम मिळवावे कसे, याबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. पण पहिले पैसे येण्याची वेळ आली की कोणत्या बँकेत खाते हवे, कर भारतात भरायचा की तिकडे, जीएसटीची भानगड आपल्याला लागू होते का, या प्रश्नांपाशी माणूस अडतो. हा लेख अशा नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. परदेशातून आलेल्या प्रत्येक रकमेमागे करार, इन्व्हॉइस आणि बँकेचा दाखला असे तीन कागद असावेत आणि ते एकमेकांशी जुळावेत, एवढे साधले की पुढची बहुतेक कामे सोपी होतात. खालच्या पायऱ्या मुख्यतः त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: तुम्ही नोकर आहात की कंत्राटी, हे ठरवा

कंपनीने ‘आम्ही तुम्हाला घेतले’ असे कळवले म्हणजे नोकरीच मिळाली असे नव्हे. कंपनीची भारतात उपकंपनी असेल, किंवा तिने तुम्हाला एखाद्या भारतीय मध्यस्थ संस्थेच्या पगारपत्रकावर घेतले असेल, तर पगार रुपयांत येतो, त्यातून टीडीएस, म्हणजे पगारातूनच कापला जाणारा आयकर, आणि भविष्य निर्वाह निधी कापला जातो आणि वर्षअखेरीस त्या कराचा दाखला, लोकांच्या बोलण्यातला ‘फॉर्म १६’, मिळतो. अशा वाचकांना या लेखातला फारसा भाग लागू होत नाही, आणि त्यांनी त्याबद्दल समाधान मानायला हरकत नाही.

करार थेट परदेशी कंपनीशी असेल आणि त्यात ‘स्वतंत्र कंत्राटदार’ असा उल्लेख असेल, तर तुम्ही कायद्याच्या दृष्टीने सेवा निर्यात करणारे व्यावसायिक आहात. मग कर कापून घेणारे, भविष्य निर्वाह निधी भरणारे किंवा आजारपणाची रजा देणारे कोणी नसते, आणि ही सगळी तजवीज तुमची तुम्हालाच करावी लागते. म्हणून सही करण्यापूर्वी करारातली चार कलमे तरी नीट वाचावीत: रक्कम कोणत्या चलनात ठरली आहे, इन्व्हॉइस दिल्यापासून किती दिवसांत पैसे मिळतील, पैसे पाठवण्याचा खर्च कोणाकडे आहे आणि काम थांबवायचे झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची. यांपैकी पाठवणीच्या खर्चाचे कलम बहुतेक जण वाचत नाहीत, आणि दर महिन्याला पैसे जातात ते नेमके तिथेच.

करारावर तुमचे नाव कसे लिहिले आहे, तेही पाहावे. आपल्याकडे पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, आधारवर निराळे स्पेलिंग आणि करारावर फक्त नाव-आडनाव असे हमखास होते. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत तर आडनावच वेगळे असते. परदेशी बँकेकडून आलेल्या संदेशातले नाव खात्याच्या नावाशी जुळले नाही, तर रक्कम अडकून पडू शकते. बँक खात्यावर जे नाव आहे तेच अक्षरशः करारात आणि इन्व्हॉइसवर लिहून घ्यावे.

दुसरी पायरी: खाते कुठे उघडावे

एके काळी आपल्या दोन्ही गावांना स्वतःच्या बँका होत्या. १९१६ साली स्थापन झालेली सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली, आणि १९३६ पासून साताऱ्यात मुख्यालय असलेली युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये गेली. त्यानंतरही इथल्या माणसाचा ओढा सहकारी बँकेकडे आणि पतसंस्थेकडे राहिला आहे, कारण तिथले अधिकारी ओळखीचे असतात आणि काम अडत नाही. परदेशातून पैसे घेण्यासाठी मात्र ही सोय उपयोगाची नाही. परकीय चलनाचा व्यवहार करण्यासाठी रिझर्व्ह बँकेचा स्वतंत्र परवाना लागतो आणि तो बहुतेक नागरी सहकारी बँकांकडे नसतो. पतसंस्थेचा तर प्रश्नच येत नाही. कामाचे खाते राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत उघडावे आणि घरखर्चाचे खाते हवे तर जुन्या ठिकाणीच ठेवावे.

बचत खाते व्यवसायासाठी वापरू नये, असा बँकांचा नियम आहे. सुरुवातीला एखाद-दुसरी छोटी रक्कम बचत खात्यात आली तर सहसा कोणी हरकत घेत नाही. पण दर महिन्याला डॉलर येऊ लागले की विचारणा होते. त्यामुळे पहिल्या इन्व्हॉइसपूर्वीच चालू खाते उघडणे शहाणपणाचे. त्यासाठी बँक व्यवसायाचे दोन पुरावे मागते. महाराष्ट्रात मोजकीच माणसे असलेल्या आस्थापनेला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली परवाना लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. तिची पावती म्हणजेच लोकांच्या बोलण्यातले ‘शॉप ॲक्ट’. दुसरा पुरावा ‘उद्यम’ या लघुउद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, जी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. ती करून देण्याचे हजार-दीड हजार मागणाऱ्यांकडे जाण्याचे कारण नाही. याशिवाय स्वतंत्र व्यावसायिकाला राज्याचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये असतो, आणि तो नेमका विसरला जातो.

शाखेत गेल्यावर काय होते, हेही सांगायला हवे. काउंटरवरचा कर्मचारी ‘स्विफ्ट कोड’ म्हटल्यावर पासबुकावरचा आयएफएससी दाखवतो. दोन्ही कोड दिसायला सारखे, पण वेगळे आहेत. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो, त्यातले पाचवे अक्षर शून्य असते आणि तो फक्त देशांतर्गत व्यवहाराला चालतो; स्विफ्ट कोड ८ किंवा ११ अक्षरांचा असतो आणि परदेशातून येणाऱ्या पैशांसाठी तोच लागतो. जिल्ह्याच्या गावातल्या बहुतेक शाखांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, म्हणून मुंबईतल्या, पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या परकीय चलन शाखेचा कोड द्यावा लागतो. तेव्हा शाखाधिकाऱ्यांना भेटून तीन गोष्टी लेखी, शक्यतो ई-मेलवर मागाव्यात: आपल्या खात्यासाठी वापरायचा स्विफ्ट कोड, डॉलर आणि युरोसाठी बँकेची परदेशातली मध्यस्थ बँक आणि परकीय चलन विभागाचा ई-मेल पत्ता. ‘साहेब, एवढे एका कागदावर द्या’ असे नम्रपणे म्हटले की काम होते. तोंडी सांगितलेल्या कोडवर पाठवलेली रक्कम मात्र परत जाऊ शकते आणि परतीचा खर्च आपल्याच माथी बसतो.

तिसरी पायरी: पैसे कोणत्या वाटेने आणायचे

थेट बँकेतून बँकेत, म्हणजे स्विफ्टने, पैसे आले तर वाटेतल्या मध्यस्थ बँका आपापला वाटा कापून घेतात. पाठवणाऱ्याच्या बँकेच्या अर्जावर खर्चाचे तीन पर्याय असतात: सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, दोघांचा आपापल्या बाजूचा, किंवा सगळा घेणाऱ्याचा. पहिला पर्याय ‘अवर’ (OUR) या नावाने ओळखला जातो आणि करारात तोच लिहून घ्यावा.

समजा, इन्व्हॉइस २,००० डॉलरचे आहे आणि त्या दिवशी बाजारात डॉलरचा भाव ९० रुपये आहे असे हिशेबापुरते धरू. वाटेतल्या बँकेने २० डॉलर कापले, तर आपल्या बँकेत १,९८० डॉलर पोहोचतात. बँक बाजारभावाने पैसे देत नाही. तिचा खरेदीदर ८९ असेल तर रुपये होतात १,७६,२२०. चलन बदलण्याच्या सेवेवर जीएसटी लागतो, आणि तो पूर्ण रकमेवर न लावता कायद्याने ठरवलेल्या एका छोट्या मूल्यावर लावला जातो: पहिल्या एक लाखाला १,००० रुपये आणि त्यावरच्या रकमेच्या अर्धा टक्का. इथे ते मूल्य १,३८१ रुपये दहा पैसे होते आणि त्यावर १८ टक्के म्हणजे सुमारे २४९ रुपये. बँकेने हाताळणीचे ५०० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेतला तर आणखी ५९०. खात्यात जमा होतात सुमारे १,७५,३८१ रुपये, म्हणजे बाजारभावाच्या हिशेबापेक्षा साधारण ४,६१९ कमी. या तोट्यातले १,९८० रुपये केवळ दरातल्या एका रुपयाच्या फरकाने गेले आणि १,८०० मध्यस्थ बँकेने नेले. जाहिरातीत ‘शून्य शुल्क’ असे लिहिणारा कोणीही असो, तो दर कोणता देतो ते आधी विचारावे. त्याची खरी कमाई तिथेच लपलेली असते. नियमित रक्कम येत असेल तर शाखेमार्फत परकीय चलन विभागाशी दराबद्दल बोलता येते, आणि दोन-चार महिन्यांच्या नोंदी दाखवल्या तर बँका डॉलरमागे काही पैसे वाढवून देतात.

दुसरी वाट ऑनलाइन मंचांची. पेपल, पेओनियर यांसारख्या सेवा अनेक वर्षे आहेत, आणि रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सीमापार व्यवहार करणाऱ्या पेमेंट ॲग्रीगेटरसाठी, म्हणजे पैसे पोहोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी, स्वतंत्र नियमावली काढल्यापासून भारतीय कंपन्याही या क्षेत्रात आल्या आहेत. यांपैकी काही सेवा तुमच्या नावाचा अमेरिकेतला किंवा युरोपातला आभासी खाते क्रमांक देतात, म्हणजे ग्राहकाला आपल्याच देशात पैसे पाठवल्यासारखे होते आणि मध्यस्थ बँकेची कापाकापी टळते. निवड करताना शुल्क, दर आणि प्रत्येक रकमेमागे परकीय चलनाचा दाखला मिळतो का, या तीन गोष्टी पाहाव्यात, आणि तिसरीला पहिल्या दोनपेक्षा जास्त वजन द्यावे. पेपल छोट्या रकमांना आणि नव्या ग्राहकांना ठीक आहे. दरमहा दीड-दोन लाखांसाठी ते महाग पडते.

दोन वाटा टाळाव्यात. वेस्टर्न युनियनसारखी रोख पाठवणी घरच्यांना खर्चासाठी पाठवायच्या पैशांपुरती आहे, एका वेळी २,५०० डॉलरची मर्यादा तिला आहे आणि व्यवसायाचे पैसे त्या मार्गाने घेता येत नाहीत. दुसरी वाट क्रिप्टोची. ग्राहकाने डॉलरशी जोडलेले यूएसडीटी हे क्रिप्टो-चलन पाठवायचे आणि आपण ते कुणा अनोळखी माणसाला विकून रुपये घ्यायचे, हा प्रकार सोपा वाटतो. पण तो अनोळखी माणूस जर फसवणुकीचे पैसे फिरवत असेल, तर दुसऱ्याच राज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून तुमचे खाते गोठते आणि ते सोडवायला महिनोन् महिने जातात. ओळखीतल्या कुणी ‘माझे परदेशातले पैसे तुझ्या खात्यात घे, टक्का देतो’ असे म्हटले तरी तितक्याच ठामपणे नाही म्हणावे, मग तो भाऊबंद का असेना.

चौथी पायरी: इन्व्हॉइस आणि उद्देश कोड

इन्व्हॉइसवर क्रमांक, तारीख, तुमचे नाव-पत्ता-पॅन, ग्राहकाचे नाव आणि देश, कामाचे वर्णन, कालावधी आणि चलनासह रक्कम असावी. क्रमांक आर्थिक वर्षागणिक सलग ठेवावेत. कामाचे वर्णन ‘मासिक मानधन’ असे मोघम न ठेवता ‘एप्रिल महिन्यातील सॉफ्टवेअर सल्ला व विकास’ असे करावे, कारण बँक ते वाचून उद्देश कोड ठरवते.

उद्देश कोड म्हणजे परदेशातून आलेले पैसे कशाचे आहेत हे रिझर्व्ह बँकेला कळवण्याची खूण. सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी पी०८०२, व्यवसाय व व्यवस्थापन सल्ल्यासाठी पी१००६, जाहिरातविषयक कामासाठी पी१००७ असे कोड आहेत. बँकेतून ‘हे पैसे कशाचे?’ असा फोन आला आणि घरच्या कुणी ‘मुलाचे आहेत, बाहेरून येतात’ असे सांगितले, तर कर्मचारी पी१३०१ टाकून मोकळा होतो. तो कोड अनिवासी भारतीयाने कुटुंबाच्या खर्चासाठी पाठवलेल्या पैशांचा आहे. पैसे खात्यात येतात, कुणाचे काही बिघडत नाही, आणि दोन वर्षांनी जीएसटी किंवा आयकर खात्याची नोटीस आली की तुमच्या इन्व्हॉइसवर निर्यात आणि बँकेच्या नोंदीत घरखर्च असा विसंवाद समोर येतो. म्हणून पहिल्या रकमेच्या आधीच बँकेच्या परकीय चलन विभागाला करार आणि नमुना इन्व्हॉइस पाठवून कोणता कोड वापरायचा ते कळवावे, आणि चुकीचा कोड पडला तर त्याच महिन्यात दुरुस्तीचा अर्ज द्यावा.

पाचवी पायरी: दाखला मागून घ्या

परदेशातून पैसे आल्याच्या बँकेच्या दाखल्याला तिथले जुने लोक अजून ‘एफआयआरसी’ म्हणतात. सेवांच्या रकमेसाठी आता बहुधा परकीय आवक रकमेची सूचना, म्हणजे एफआयआरए, मिळते. पाठवणाऱ्याचे नाव, परकीय चलनातली रक्कम, लावलेला दर, मिळालेले रुपये आणि उद्देश कोड असे सगळे त्यात असते. काही बँका तो आपोआप ई-मेल करतात, काही मागितल्यावर देतात, काही शुल्क घेतात. काही ॲप पैसे भारतातल्या एखाद्या खात्यातून आयएमपीएसने टाकतात, त्यामुळे पासबुकात ते देशांतर्गत जमेसारखे दिसतात. अशा वेळी तर दाखला हाच परदेशातून पैसे आल्याचा एकमेव पुरावा असतो.

दर महिन्याचे इन्व्हॉइस, दाखला आणि खातेउतारा एका फोल्डरमध्ये ठेवावा आणि त्याची प्रत ऑनलाइन साठवावी. कृष्णाकाठच्या गावात हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीचा मोठा भाग पाण्याखाली गेला तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांतले कागद कुणाचेच वाचले नाहीत.

सहावी पायरी: जीएसटी

वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर सेवा निर्यात करणाऱ्याला नोंदणी करणे बंधनकारक नाही. आंतरराज्य पुरवठ्याला नोंदणी सक्तीची असते आणि निर्यात ही आंतरराज्य पुरवठ्यात मोडते, त्यामुळे पहिल्या रुपयापासून नोंदणी हवी, असे काही जण अजूनही सांगतात. पण ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेने सेवा देणाऱ्यांना २० लाखांपर्यंत त्यातून वगळले आहे. वरच्या उदाहरणातला माणूस महिन्याला २,००० डॉलर मिळवतो, म्हणजे ९० च्या दराने वर्षाला २१ लाख ६० हजार. म्हणजे त्याला नोंदणी करावीच लागेल, आणि डॉलर वधारल्यामुळेही माणूस ही मर्यादा नकळत ओलांडू शकतो.

नोंदणी झाली म्हणजे कर भरावा लागतो असे नाही. निर्यात शून्य दराची असते, पण कर न भरता निर्यात करण्यासाठी हमीपत्र, म्हणजे एलयूटी, जीएसटी पोर्टलवर आरएफडी-११ या फॉर्ममध्ये द्यावे लागते. ते एका आर्थिक वर्षापुरते असते, म्हणून मार्च महिन्यातच पुढच्या वर्षाचे भरून टाकावे. एलयूटीखाली केलेल्या निर्यातीचा उल्लेख इन्व्हॉइसवर करावा लागतो आणि रक्कम इन्व्हॉइसपासून वर्षभरात परकीय चलनात यावी लागते. दाखल्याला एवढे महत्त्व का, ते इथे कळते. काम नसलेल्या महिन्याचे विवरणपत्रही शून्य म्हणून भरावेच लागते. विलंब शुल्क दिवसांच्या हिशेबाने चढते.

घराच्या पत्त्यावर नोंदणी होते, पण वीजबिल आणि जागामालकाची संमती लागते. आपल्याकडे वाडा आजोबांच्या नावावर, महावितरणचे बिलही त्यांच्याच नावावर आणि सातबाऱ्यावर चार काकांची नावे, अशी स्थिती नेहमीची आहे. बिल ज्यांच्या नावावर आहे ते हयात असतील तर संमतीपत्रावर त्यांची सही घ्यावी. नसतील तर बिलावरचे नाव आधी बदलून घेणे हा थोडा वेळखाऊ, पण निर्धोक मार्ग आहे.

सातवी पायरी: आयकर

भारतात राहणाऱ्याने जगात कुठूनही मिळवलेल्या उत्पन्नावर भारतात कर लागतो. पैसे पेपलच्या वॉलेटमध्ये पडून आहेत, खात्यात आणलेच नाहीत, म्हणून कर नाही, ही समजूत चुकीची आहे. निर्यातीचे पैसे परदेशात साठवून ठेवणे परकीय चलन व्यवस्थापन कायद्यालाही, म्हणजे फेमालाही, मान्य नाही.

ठरावीक व्यवसायांना अनुमानित उत्पन्नाची सवलत आहे. जुन्या कायद्यात ती कलम ४४एडीए खाली होती. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, तरी सीए मंडळींच्या तोंडी जुनाच आकडा आहे. अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला, माहिती तंत्रज्ञान यांसारख्या व्यवसायांत एकूण जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते आणि हिशेबाच्या वह्या सविस्तर ठेवाव्या लागत नाहीत. जमेची मर्यादा ५० लाख आहे, आणि रोखीने मिळालेली रक्कम पाच टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. आपल्या उदाहरणात २१.६० लाखांचे निम्मे १०.८० लाख होतात. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळत असल्याने दुसरे उत्पन्न नसेल तर कर शून्यावर येतो. लेखन, भाषांतर, ग्राहकसेवा अशी कामे त्या यादीत सरळ बसत नाहीत. त्यांनी सीएंना विचारूनच ठरवावे. आणखी एक बाजू लक्षात घ्यावी. कागदावर उत्पन्न निम्मे दाखवले की गृहकर्जासाठी बँक तेवढेच उत्पन्न धरते. वर्षा-दोन वर्षांत प्लॉट किंवा फ्लॅट घ्यायचा विचार असेल तर उत्पन्न किती दाखवायचे, हे त्या हिशेबाने आधीच ठरवावे.

वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कर भरावा लागतो: जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेपर्यंत अनुक्रमे एकूण १५, ४५, ७५ आणि १०० टक्के. अनुमानित पद्धत घेणाऱ्याने सगळा कर १५ मार्चपर्यंत भरला तरी चालते. पैसे जमा झाल्या दिवशीच ठरावीक टक्के दुसऱ्या खात्यात वळवून ठेवले तर मार्चमध्ये धावाधाव होत नाही. ते खाते मुदतठेवीचे असेल तर बँकेतच असावे. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्याही, एका बँकेत एका ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. जास्त व्याजाच्या मोहाने कराचे पैसे पतसंस्थेत ठेवणे मला पटत नाही.

परदेशी शेअर, कंपनीने दिलेले स्टॉक किंवा परदेशातले खाते असेल तर आयटीआर-४, म्हणजे अनुमानित पद्धतीचे छोटे विवरणपत्र, चालत नाही. मोठे विवरणपत्र भरून परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते दाखवावे लागते, आणि तो तक्ता आर्थिक वर्षाचा नसून जानेवारी ते डिसेंबरचा असतो. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून वगळले आहे, पण दाखवण्याचे बंधन कायम आहे.

अमेरिकी ग्राहक डब्ल्यू-८बेन हा फॉर्म मागतो, तेव्हा घाबरू नये. तुम्ही अमेरिकेचे नागरिक किंवा रहिवासी नाही, एवढेच त्यात जाहीर करायचे असते. भारतात बसून केलेल्या सेवेचे उत्पन्न अमेरिकेतले धरले जात नाही. सही केल्यापासून पुढची तीन कॅलेंडर वर्षे संपेपर्यंत तो चालतो. इतर काही देशांत ग्राहक कर कापतो. तिथे भारताच्या आयकर खात्याकडून निवासी असल्याचा दाखला घेऊन दोन देशांतल्या करविषयक कराराने ठरलेल्या दराचा लाभ घेता येतो.

आठवी पायरी: डॉलरमध्ये ठेवायचे की रुपयांत

निर्यातदाराला ईईएफसी नावाचे परकीय चलन खाते उघडता येते. त्यावर व्याज नसते, आणि एका महिन्यात जमा झालेली रक्कम पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत बदलावी लागते. परदेशातल्या सॉफ्टवेअरची वर्गणी किंवा सहकाऱ्याचे मानधन डॉलरमध्ये द्यावे लागत असेल तर हे खाते उपयोगी आहे. दर वाढेल या आशेने थांबण्यासाठी ते नाही.

नववी पायरी: काही महिने परदेशात जाऊन काम करायचे असेल तर

मुक्काम दोन-चार महिन्यांचा असेल तर तुम्ही भारताचे निवासीच राहता आणि वरचे सगळे तसेच चालू राहते. पर्यटक व्हिसावर राहून लॅपटॉपवर काम करणे अनेक देशांत नियमात बसत नाही, तेवढे आधी तपासावे. कार्डावरचे परदेशी व्यवहार आपल्याकडे मुळात बंद असतात, ते निघण्यापूर्वी ॲपमधून चालू करावेत. भारतीय सिमकार्डवर परदेशात संदेश येतील अशी सोय करून ठेवावी, नाहीतर ओटीपीअभावी स्वतःचे खाते स्वतःलाच उघडता येत नाही. दुकानात यंत्राने ‘रुपयांत द्यायचे का’ असे विचारले तर तिथलेच चलन निवडावे. रुपयांतला दर दुकानदाराची बँक लावते आणि तो महाग असतो. नोटांच्या रूपात एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत परकीय चलन नेता येते. भारतातून परदेशी पैसे पाठवण्याची वर्षाची मर्यादा अडीच लाख डॉलर आहे, आणि शिक्षण-उपचार सोडून इतर कारणांसाठी १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच वसूल होणारा कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर पैसे अडकतात.

नोकरीसाठी किंवा दीर्घ मुदतीसाठी देश सोडला की चित्र पालटते. आयकरासाठी निवासी कोण, हे त्या वर्षी भारतात किती दिवस होता यावर ठरते आणि त्यात १८२ दिवसांचा आकडा मुख्य आहे. फेमा मात्र जाण्याचा हेतू पाहतो. त्यामुळे एकाच वर्षी एका कायद्याने निवासी आणि दुसऱ्याने अनिवासी, असेही होते. अनिवासी झाल्यावर जुने बचत खाते तसेच वापरता येत नाही, बँकेला कळवून ते एनआरओ करून घ्यावे लागते. घरभाडे, शेतीचे पैसे, लाभांश असे भारतातले उत्पन्न त्यात जमा होते, त्याच्या व्याजावर ३० टक्के आणि त्यावरचा उपकर कापला जातो आणि वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. परदेशात मिळवलेल्या पैशांसाठी एनआरई खाते उघडावे. त्याच्या व्याजावर भारतात कर नाही आणि पैसे केव्हाही परत नेता येतात. तासगावला किंवा विट्याला आई-वडिलांना खर्चासाठी थेट त्यांच्या खात्यात पाठवलेली रक्कम त्यांच्या हातात करपात्र होत नाही. शाखेतल्या कामांसाठी घरच्या कुणाच्या नावे मर्यादित अधिकारपत्र करून ठेवावे, आणि प्रत्येक खात्यावर वारस नामनिर्देशन झाले आहे का, ते जाण्यापूर्वी पाहून घ्यावे.

कायमचे परतल्यावर एनआरई आणि एनआरओ खाती पुन्हा निवासी करून घ्यावी लागतात. परदेशातली शिल्लक डॉलरमध्येच ठेवायची असेल तर परतलेल्या भारतीयांसाठी आरएफसी खाते आहे, आणि त्यासाठी बँकेत अर्ज करताना पासपोर्टवरचे येण्या-जाण्याचे शिक्के असलेल्या पानांच्या प्रती सोबत न्याव्यात.